हिरा परत मागण्याआधी मुशीकडे बघा

वाघनखं साताऱ्याला आली. मग २०२५ मध्ये रघूजीराजे भोसल्यांची तलवार राज्य सरकारने लंडनच्या लिलावात ४७ लाख १५ हजार रुपये मोजून सोडवली. त्याच वर्षी पिप्रहव्याच्या स्तूपातली रत्नं हाँगकाँगच्या लिलावातून मागे घेतली गेली आणि भारतात आली. अशी बातमी आली की नाशिकमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: मग आपला हिरा कधी?

आपला हिरा म्हणजे जगाच्या बाजारात ‘नस्सक’ या नावाने फिरलेला, त्र्यंबकेश्वराच्या खजिन्यातला म्हणून ओळखला जाणारा हिरा. दगड मूळचा गोवळकोंड्याच्या खाणींकडचा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा दुसऱ्या बाजीरावांकडून तो कर्नल ब्रिग्जच्या हाती गेला, ब्रिग्जकडून लॉर्ड हेस्टिंग्जकडे, तिथून कंपनीच्या लुटीत आणि लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या पेढीवर. (देवाचा हिरा मुळात बाजीरावांच्या हाती कसा होता, हे विचारायला आपल्यातलं कुणी फारसं उत्सुक दिसत नाही.) पुढे तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसकडे गेला, मग फ्रेंच जवाहिऱ्यामार्फत अमेरिकेत, आणि आणखी बऱ्याच हातांतून लेबनॉनच्या एका धनाढ्य जवाहिऱ्याकडे.

तो परत मागण्याला माझा विरोध नाही. लुटीचा माल लुटीचाच असतो, दोनशे वर्षांनी तो दानाचा होत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. समजा, उद्या तो आला, तर नेमकं काय येईल? नाशिकहून गेला तेव्हा तो सुमारे ९० कॅरटचा होता. आपल्याकडचे कारागीर दगडाचं वजन राखून पैलू पाडत. लंडनला ते ओबडधोबड वाटलं. रंडेल अँड ब्रिजने तो पुन्हा कापला आणि ८० कॅरटच्या आसपास आणला. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो पुन्हा कापला. आता तो ४३.३८ कॅरटचा, निर्दोष, झगझगीत आणि संपूर्ण अमेरिकी घाटाचा आहे. त्र्यंबकचा जो कारागीरी चेहरा होता, तो दोन सहाणांवर भुकटी होऊन गेला. गंमत म्हणजे, १९२०च्या दशकात तो अमेरिकेत आला तेव्हा जकातीच्या निमित्ताने कोर्टात वाद झाला की याला कलात्मक पुरावस्तू मानायचं की नुसता एक मौल्यवान खडा. पुरावस्तू ठरला तर जकात माफ, खडा ठरला तर भरा.

हा वाद नाशिकच्या सराफ बाजारात कधी होत नाही. इथे निकाल आधीच लागलेला आहे.

जुना दागिना घेऊन बाजारात गेलेल्या कोणालाही ही रीत ठाऊक आहे. पाटल्या काट्यावर जातात. आत लाख भरलेली असेल तर ती काढतात, खडे असतील तर ते उपटून कागदाच्या पुडीत बांधून हातात देतात. टंच म्हणजे शुद्धता काढतात, तूट धरतात, आजच्या भावाने गुणाकार करतात. आणि मग ती वस्तू ‘मोड’ होते. टाकणखाराची चिमूट पडते, मूस भट्टीत जाते आणि हजार अंशांच्या थोडं पुढे, १०६४ला, सोनं पाण्यासारखं होतं. कुणाचीही फसवणूक झालेली नसते. पणजीच्या पाटल्यांवर ज्या हातांनी ठसे उठवले, त्यांची घडणावळ मात्र त्या हिशेबात कुठेच नसते. ती एकदाच मोजली जाते, विकत घेताना. विकताना तिची किंमत शून्य. सराफाच्या दारातली धूळसुद्धा झारेकरी विकत घेऊन धुतात, कारण तिच्यात सोन्याचे कण असतात. नक्षी त्या धुळीइतकीही मोलाची नाही.

आणि त्याच दुकानाच्या दर्शनी भागात ‘अँटिक कलेक्शन’ची पाटी असते. काळवंडवलेली, मुद्दाम जुनी दाखवलेली नवी ठुशी तिथे चढ्या घडणावळीने विकली जाते. मागच्या खोलीत खरी जुनी ठुशी वितळत असते. मला यात सराफाचा दोष दिसत नाही. तो व्यापारी आहे. गिऱ्हाईक जे मागतं ते तो देतो. दोष आहे तो दागिन्याकडे केवळ धातू म्हणून बघण्याच्या आपल्या सार्वजनिक सवयीचा, आणि लंडनकडे बोट दाखवताना ती सवय आपल्या लक्षात येत नाही, याचा.

जगातला दागिन्यांचा इतिहास म्हणजे मुशीतून निसटलेल्या वस्तूंचा इतिहास आहे. आपल्याला जे माहीत आहे ते बहुतेक थडग्यांतून आलेलं आहे, नाहीतर ज्याला वितळवून काही मिळत नाही अशा मालातून. मोरोक्कोतल्या बिझमून गुहेतले शिंपल्यांचे मणी सुमारे दीड लाख वर्षांचे आहेत. ते टिकले कारण शिंपल्याला भाव नव्हता. आपल्या शेजारी, चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. खानदेशात शहामृग होते हे ऐकूनच माणूस चक्रावतो. त्यांच्या अंड्याची टरफलं घासून, भोक पाडून कुणीतरी गळ्यात घालत होतं, हे त्याहून नवल. इराकमधल्या उर इथे पुअबी राणीच्या थडग्यात, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या, सोन्याच्या पानांच्या मुकुटाबरोबर कार्नेलियनचे मणी मिळाले; त्या जातीचे लांब आणि नक्षीचे मणी सिंधू खोऱ्यातले कारागीर घडवत असत. म्हणजे आपल्याकडचा माल आपल्याला परक्याच्या थडग्यात बघावा लागतो. आपण प्रेतं जाळतो आणि अंगावरचे दागिने काढून पुढच्या पिढीला देतो. ही रीत सुंदर आहे, पण इतिहासकाराच्या दृष्टीने भयंकर. देता देता प्रत्येक पिढी तो एकदा तरी मोडते.

थडगंही कायमचं सुरक्षित नसतंच. इजिप्तमध्ये तीन हजार वर्षांपूर्वी राजाचं थडगं फोडणाऱ्या टोळीचा कबुलीजबाब पपायरसवर लिहिलेला आहे: राजाराणीच्या अंगावरचं सोनं ओरबाडलं, शवपेट्या पेटवल्या, १६० देबेन (तिथलं वजनाचं माप) सोनं निघालं, आठ जणांनी प्रत्येकी वीस देबेन वाटून घेतलं. फार मागे जायचं कारण नाही. फाळणीच्या वेळी मोहेंजोदडोचा एक हार भारत आणि पाकिस्तान यांनी अक्षरशः तोडून मणी वाटून घेतले. पाच बहिणींत बोरमाळ वाटणारं कुठलंही घर या दोन सरकारांना नावं ठेवू शकणार नाही.

मुशीने किती नेलं याचा सगळ्यात मोठा दाखला मेक्सिकोचा. स्पॅनिश सेनानी कोर्तेझने अझ्टेक राजा मॉक्तेसुमाच्या दरबारातून मिळवलेल्या वस्तू स्पेनच्या राजाला पाठवल्या. १५२० मध्ये त्या ब्रुसेल्सला मांडल्या होत्या तेव्हा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर तिथे होता. ड्यूरर सोनाराचा मुलगा, लहानपणी बापाच्या हाताखाली ते काम शिकलेला. त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं की वावभर रुंद, सबंध सोन्याचा एक सूर्य होता आणि तेवढाच चांदीचा चंद्र. आणि त्या दूरदेशीच्या कारागिरांच्या बुद्धीने तो थक्क झाला. तो सूर्य आज नाही, तो चंद्रही नाही. पुढे पेरूमध्ये कैदेत पडलेल्या इंका राजा अताहुआल्पाने सुटकेसाठी खोली भरून सोनं दिलं, तेही स्पॅनिशांनी भट्ट्या लावून विटा पाडून नेलं. मेक्सिकोच्या त्या सूर्यातलं आपल्यापर्यंत काही पोचलं असेल तर एका सोनाराच्या पोराने लिहिलेल्या चार ओळी. मी पुढे जे मागणार आहे ते एवढंच आहे. त्या चार ओळी.

नाशिकला हे सांगायची खरं तर गरज पडू नये, कारण या जिल्ह्याच्या हाती एक दाखला आहे. १९०६ मध्ये जोगलटेंभीला एका भांड्यात तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. सगळी क्षत्रप नहपानाची, पण त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. शत्रू हरवला, त्याचा पैसा हाती आला. ती चांदी आटवून नवी नाणी पाडता आली असती. त्याने वरून ठसा मारला आणि खालचा नहपानाचा चेहरा अर्धामुर्धा तसाच राहिला. पांडवलेण्यांतला गौतमी बलश्रीचा शिलालेख सांगतो की तिच्या मुलाने खखरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निर्मूळ केला. आईने केलेलं मुलाचं कौतुक म्हणून कुणी ते बाजूला सारलं असतं. जोगलटेंभीच्या नाण्यांनी ते पक्कं केलं. चांदी मुशीत गेली नाही, एवढ्या एका गोष्टीवर महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासातलं एक पान उभं आहे.

त्याच पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याच्या दानलेखात सोन्याचा भाव कोरलेला आहे: चांदीच्या ३५ कार्षापण नाण्यांना एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं. जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीचा नाशिकचा दर आपण आज वाचू शकतो. त्या सोन्याचं गोवर्धनातल्या बायका काय करून घालत होत्या, हे बघायला त्यांचा एक दागिना समोर ठेवता येत नाही. भाव तेवढा टिकला.

मग उरतं दगडातलं कोरीव काम, आणि ते कधीकधी आपली पंचाईत करतं. मराठी बाईची ओळख म्हणून आपण नथ मिरवतो. कुठलाही सोहळा असो, पोस्टरवर नथ आलीच. प्राचीन भारतीय शिल्पांत कानांत भलीमोठी कुंडलं आहेत, कमरेला मेखला आहेत, पायांत जड वळी आहेत, पण नाकात काही नाही. भांडारकर संस्थेच्या प. कृ. गोडे यांनी १९३०च्या दशकात हा विषय धसास लावला आणि दाखवलं की नाकातल्या दागिन्याचे पुरावे साधारण गेल्या हजारएक वर्षांतलेच आहेत, तो बहुधा बाहेरून आलेला आहे. पुतळ्यांच्या माळेचंही तेच. तिच्या मुळाशी व्हेनिसचं सोन्याचं नाणं आहे. त्यावरचा ख्रिस्ती संत आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला ड्यूक यांच्यात आपल्याकडच्या डोळ्यांनी रामसीता पाहिली. मला यात कमीपणा वाटत नाही, उलट मजा वाटते. गंगेपासून व्हेनिसपर्यंत जे आवडलं ते मराठी बायकांनी उचललं आणि आपलं करून टाकलं. पण हा प्रवास सांगायचा तर मधले टप्पे हातात हवेत. पेशवाईतली नथ, तिच्याआधीची, कोकणातली, देशावरची, कोळणीची, सावकारणीची. ते टप्पे एकेक करून मोडीत निघतात.

नाशिकमध्ये सगळ्यात आधी निघते ती चांदी. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबक इकडच्या पाड्यांवर कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल घरांतल्या म्हाताऱ्यांच्या अंगावरची कडी, सऱ्या, वाळे, राणीच्या रुपयाला आकडी डकवून ओवलेल्या माळा. व्हिक्टोरियाचा एक रुपया ११.६६ ग्रॅमचा, माळेत ते किती, यावरून घराची पत कळायची. चांदी किलोला लाखाच्या पुढे गेल्यावर हे सगळं हातपिशवीतून बाजारात यायला लागलं, तर नवल नाही. पेशवे सरदारांच्या तन्मणीचं चित्र तरी कुठेतरी असतं, संग्रहालयात एखादा नमुना असतो. पेठच्या म्हातारीच्या सरीचं काहीच कुठे नसतं. तिला तिच्या बोलीत काय म्हणत, ती लग्नात कुणी द्यायची, कोणत्या गावचा सोनार ती घडवायचा, हे सगळं वजनाच्या एका आकड्यात संपतं.

आता यावर दोन आक्षेप आहेत, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला घरातला आहे. दागिना हा बाईचा एकमेव स्वतःचा पैसा. दवाखान्याचं बिल, मुलाची फी, पावसाने झोपवलेलं पीक, यांच्यापुढे नक्षीची मातब्बरी कोणी सांगू नये. बरोबर आहे. दागिना अडीनडीला मोडता यावा म्हणूनच घडवलेला असतो. कोणीही विकू नये असं म्हणणं माझं नाहीच, आणि असा कायदा तर मुळीच नको. सरकारने सोन्यात हात घातला की काय होतं हे १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने दाखवलं आहे. चौदा कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी आली, आणि सगळ्यात आधी सोनाराची ऐरण बंद पडली. सोनं तसंच वाहत राहिलं, चोरवाटांनी. तो कायदा पुरता जायला १९९० उजाडलं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, आणि वारशाच्या गप्पा मारणारे आम्ही लोक तो सहसा टाळतो. दागिना प्रत्येकीसाठी मिरवण्याची गोष्ट नव्हती. कोणी काय घालायचं हे समाज ठरवत असे, आणि घातलेल्यावरून जात ओळखत असे. रोममध्ये इसवीसनपूर्व २१५ मध्ये बायकांनी अर्ध्या औंसापेक्षा जास्त सोनं बाळगू नये असा कायदा झाला, आणि वीस वर्षांनी बायकांनी रस्ते अडवून तो रद्द करायला लावला. आपल्याकडे उलटं घडावं लागलं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितलं की गळाभर माळा आणि कोपरापर्यंत चांदीची कडी ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका. त्यानंतर सव्वादोन वर्षांनी, मार्च १९३० मध्ये, नाशिकला काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात ज्या बायका उतरल्या, त्यांच्यातल्या कितींनी आपली कडी आधीच उतरवली असेल! त्यांच्यासाठी ती चांदी मुशीत जाणं म्हणजे मोकळं होणं होतं. ‘आपली समृद्ध परंपरा’ असा फलक लावून ती कडी काचेत मांडली तर तो त्यांचा अपमान होईल.

पण म्हणूनच नोंद पाहिजे, असं मला वाटतं. ती कडी कशी दिसत होती, किती जड होती, कुणाला घालावी लागत होती आणि कुणी ती का उतरवली, हे लिहिलेलं नसेल तर पन्नास वर्षांनी कोणीतरी त्याच घाटाची ‘ट्रायबल सिल्व्हर’ विकेल आणि घेणारीला त्यातलं काहीच माहीत नसेल. पन्नास कशाला, आत्ताच विकतात.

म्हणून माझी मागणी लहान आहे. विक्री आणि वितळवणं यांच्यामध्ये एक पायरी घाला. जुना, हॉलमार्क नसलेला दागिना मोडीला आला आणि तो जुन्या घाटाचा दिसला, तर मुशीत टाकण्यापूर्वी सराफाने त्याचे चार फोटो घ्यावेत: पुढून, मागून, फासा आणि जोड. सोबत वजन, टंच, कुठल्या तालुक्यातून आला, आणि विकणारी त्याला काय नावाने ओळखते. विकणारीचं नाव नको, पत्ता नको. हे फार महत्त्वाचं. विवाहितेच्या ५०० ग्रॅमपर्यंतच्या दागिन्यांना आयकर धाडीत हात लावू नये असं परिपत्रक १९९४ पासून आहे, तरी लोकांच्या मनातली भीती गेलेली नाही. नोंदीचा वास करासारखा आला की कोणी खरं बोलणार नाही.

हे जमणार नाही असं सांगू नये. २०२१ मध्ये हॉलमार्क सक्तीचा झाला आणि मग सोन्याच्या जवळपास प्रत्येक नव्या दागिन्यावर सहा अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक आला. गल्लीतला सराफसुद्धा तो आता रोज हाताळतो. कालच्या मशीनवर पडलेल्या चेनला देशात स्वतंत्र ओळख आहे आणि शंभर वर्षांच्या बिलवराला नाही. शंभर वर्षांपुढची वस्तू पुरावशेष म्हणून कायद्याने परदेशी नेता येत नाही. दोन गल्ल्या सोडून भट्टीत नेताना मात्र कोणी अडवत नाही, विचारतही नाही.

दुसरी गोष्ट, थोडा पैसा. जे नमुने खरोखर दुर्मिळ असतील ते मोडीच्या भावाने, वर थोडी घडणावळ देऊन, विकत घेणारा एक निधी हवा. विकणारीला दोन पैसे जास्तच मिळतील. निजामाचे दागिने केंद्र सरकारने १९९५ मध्ये २१८ कोटींना घेतले. ते राजाचे होते म्हणून. एका तलवारीला जे ४७ लाख लागले, तेवढ्यात पाड्यांवरची किती तरी जुनी चांदी मुशीतून वाचेल. तलवार आणायला नको होती असं मी म्हणत नाही. पण लिलावातली वस्तू कुणाच्या ना कुणाच्या काचेत शिल्लक राहतेच. पेठची सरी राहत नाही, म्हणून घाई तिची आहे. आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात जो पैसा ओतला जातोय, त्यातला एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणाचा खर्च या कामाला पुरे पडेल.

माणसंही आहेत. अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था गेली कित्येक वर्षं काम करते. धातूचा लहानसा तुकडा कसा मोजायचा, नोंदवायचा, वाचायचा हे तिथे माहीत आहे. सराफ बाजारात अजून असे जुने कारागीर आहेत जे फासा बघून सांगतात की हा नाशिकचा हात नाही, येवल्याचा आहे किंवा गुजरातेतला. ते गेले की ही ओळखही गेली. आज पाटावर बसलेल्यांत बरेच जण बंगालचे आहेत आणि त्यांचा हात वेगळा आहे.

आणि जागा? सराफ बाजाराला खेटून पेशव्यांचा सरकारवाडा उभा आहे, पुरातत्त्व विभागाकडे. मोडीच्या काट्यापासून चालत दोन मिनिटं. जागा ठरवताना एकच काळजी घ्यावी. गोदावरीला मोठा पूर आला की पाणी सराफ बाजारात शिरतं आणि सरकारवाड्याच्या पायऱ्या किती बुडाल्या यावर अख्खं नाशिक पुराची उंची मोजतं. तेव्हा कपाटं वरच्या मजल्यावर ठेवा, आणि सुरुवात चांदीपासून करा, कारण तीच आत्ता सगळ्यात वेगाने चालली आहे.